पेटीतले कागद, तालुक्यातला अभ्यास

सकाळी 6
आंबिया बहराच्या संत्र्यांचा तोडा सुरू असला की नरखेड तालुक्यात मजुरांच्या गाड्या आठच्या आत बागांकडे निघतात. त्यामुळे मुलाखत घ्यायची ती त्याआधी, नाहीतर दिवे लागल्यावर. मी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. उरलेल्या वेळात बौद्ध आणि मातंग वस्त्यांमधल्या आठवणी नोंदवतो. मोबाइल चार्ज आहे ना ते पाहतो, संमतिपत्रं घेतो आणि गाडीला किक मारतो.

सकाळी 7
मोवाडच्या अलीकडचं गाव. आजी ऐंशी ओलांडलेल्या. ‘बसा जी, च्या मांडते,’ म्हणत त्या चुलीपाशी जातात. 14 ऑक्टोबर 1956 ला त्या आईबरोबर रेल्वेनं नागपूरला गेल्या होत्या. दीक्षाभूमीवरची गर्दी त्या दोन वाक्यांत आटोपतात आणि पुढं बराच वेळ बोलतात ते गावी परतल्यानंतरचं. मेलेली गुरं ओढणं सोडलं, गावकी सोडली, तर शेतातलं काम बंद झालं. घरात दाणा नव्हता. आई दूरच्या गावी निंदणाला जायची. ‘दीक्षा एका दिवसाची होती बाप्पा. त्याच्या बादचे दिवस कोनी इचारत नाई.’

दलित अभ्यासापुढचं मोठं काम या तक्रारीत आहे. सभा, ठराव, भाषणं यांचा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी लिहिला गेला. त्या निर्णयांची किंमत कोणत्या घरानं, कशी मोजली, ते अजून नोंदायचं आहे. आणि सांगणारी पिढी आता संपत आली आहे.

सकाळी 9
शेजारच्या घरातली पत्र्याची पेटी उघडते. सभासदत्वाच्या पावत्या, भजनाची वही, ‘प्रबुद्ध भारत’चे सुटे अंक. मी प्रत्येक पानाचा फोटो घेतो आणि कागद पुन्हा त्याच पेटीत ठेवतो. मूळ वस्तू कुटुंबाचीच राहिली पाहिजे, हा माझा नियम आहे.

घाई का, ते मोवाडच्या माणसाला सांगावं लागत नाही. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरानं इथली दोनशेहून अधिक माणसं नेली. घरंच्या घरं वाहून गेली, तिथं वह्या-पत्रं कुठली राहणार? ज्यांचा इतिहास सरकारी दप्तरात फक्त नोंदीपुरता येतो, त्यांची पेटी बुडाली की त्यांचा पुरावाच बुडतो.

दुपारी 12
बी.ए.चा तास. आज कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’. नागपूरची एक दलित मुलगी संस्कृत शिकते, त्या विषयाची प्राध्यापक होते, आणि पावलोपावली तिला जातीची आठवण करून दिली जाते. वर्ग मन लावून ऐकतो. मग मातंग समाजातली एक विद्यार्थिनी विचारते, ‘सर, आमच्या नागपूरकडच्या लोकांचं असं पुस्तक कुठं आहे?’

प्रश्न रास्त आहे. या अभ्यासात महार-बौद्ध समाजाचे अनुभव अधिक आले, कारण चळवळ आणि शिक्षण तिथं आधी पोचलं. मातंग, बुरूड, वाल्मीकी वस्त्यांमधलं बरंच काही अजून लिहायचं आहे. मी तिला नोंदणीच्या कामात ये म्हणतो. सकाळच्या आजींचं ध्वनिमुद्रित बोलणं ऐकून उतरवून काढायला ती तयार होते.

दुपारी 2
ग्रंथालय. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड एका कपाटात आहेत. पहिला खंड 1979 चा, संपादक वसंत मून. ते नागपूरच्या वस्तीत वाढले, महसूल खात्यात नोकरी केली आणि कागद जमवत राहिले. इथून फार लांब नसलेल्या मोहप्याचे किसन फागू बनसोड यांनी त्याच्या कितीतरी आधी नागपुरात छापखाना काढून पत्रं चालवली. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांचं बहुखंडी चरित्र लिहिलं, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव बायकांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. एलिनॉर झेलियट यांचा 1969 चा प्रबंध आणि शर्मिला रेगे यांचं काम उभं राहिलं ते अशाच मराठी साधनांवर.

दलित अभ्यास हा विषय विद्यापीठानं जन्माला घातलेला नाही, चळवळीतल्या माणसांनी घातला. विद्यापीठांत तो उशिरा आला. विद्यापीठ अनुदान आयोगानं अकराव्या पंचवार्षिक योजनेत सामाजिक वंचिततेच्या अभ्यासाची केंद्रं दिली. पण ती योजनेच्या मुदतीवर उभी राहिली आणि शिकवणारे बरेचसे कंत्राटी. दरम्यान चर्चा इंग्रजीत गेली. तिथं सिद्धान्त घडला, जगभर वाचला गेला, ते महत्त्वाचंच. मात्र ज्या वस्तीवर पुस्तक लिहिलं, त्या वस्तीला ते विकत घेता येत नाही आणि वाचताही येत नाही.

दुपारी 4
विद्यार्थ्यांबरोबर मजुरीची माहिती मांडतो. बाग कोणाची, तोडा कोण करतं, छाटणीची मजुरी बाईला किती, पुरुषाला किती, उचल किती. जातीचा अभ्यास फक्त अस्मिता आणि साहित्यापुरता ठेवला तर बागेतला हा हिशेब कोणीच मांडणार नाही. दलित अभ्यासाला शेतीचं अर्थकारण शिकावंच लागेल.

सायंकाळी 7
विहारात मागच्या नोंदींचं वाचन. बाया बागेतून येऊन हातपाय धुऊन बसल्यात. सार्वजनिक विहिरीवरच्या भांडणाची आठवण वाचून होते. एक बाई म्हणते, ‘आमी पानी मिळवलं, पन मांगवाड्यातल्या बायाईले आमीच दूर उभं करत होतो.’ कुणीच बोलत नाही. मग आजी म्हणतात, ‘तेही लिवा जी.’ मी लिहितो. स्वतःच्या समाजातली उतरंड मान्य करण्याचं हे धैर्य कोणत्याही परिसंवादापेक्षा या विषयाला पुढं नेणारं आहे.

रात्री 9
ध्वनिमुद्रणांना तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव आणि परवानगी जोडतो. एक प्रत कुटुंबाला, एक विहाराला, एक महाविद्यालयाला.

दलित अभ्यासाचं भवितव्य दिल्ली-मुंबईतल्या विभागांवर जेवढं अवलंबून आहे, तेवढंच तालुक्यांवर आहे. विद्यापीठांनी कायम पदं भरावीत, स्थानिक महाविद्यालयांत नोंदणीचं काम अभ्यासक्रमात घ्यावं, संशोधन मराठीत छापून वस्तीत परत आणावं. आणि वाचकहो, तुमच्या घरी अशी पेटी असेल तर या रविवारी ती उघडा, कागदांचे फोटो काढा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या.