थायरॉक्सीनची मात्रा आणि सहा आठवड्यांची प्रतीक्षा

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या रेल्वेस्थानकांच्या परिसरात रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आज जागोजागी आढळतात. सकाळी दिलेल्या रक्ताचा अहवाल बहुधा त्याच दिवशी हाती येतो. परंतु ज्या पदार्थाचे प्रमाण त्या अहवालात नोंदलेले असते, त्या पदार्थाची शरीरातील घडामोड अतिशय मंद असते. मोजण्याचा वेग आणि बदलण्याचा वेग यांतील ही तफावत अवटू ग्रंथीच्या, म्हणजेच लोकव्यवहारातील थायरॉईडच्या, उपचारात जितकी ठळकपणे दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. औषधाची मात्रा बदलल्यावर पुढील निर्णय केव्हा घ्यावा, हा प्रश्न या तफावतीतूनच निर्माण होतो.

प्रश्न केवळ थोड्या रुग्णांपुरता नाही. मुंबई व गोवा यांसह भारतातील आठ शहरांत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढ व्यक्तींत अवटू ग्रंथीच्या मंदतेचा विकार आढळला. बहुतेकांच्या बाबतीत हा उपचार आयुष्यभर चालतो. साहजिकच, मात्रा बदलण्याचा निर्णय एकाच रुग्णाच्या बाबतीत अनेक वेळा घ्यावा लागतो.

मात्रा कशी ठरत आली

१८९१ साली इंग्लंडमधील जॉर्ज मरे या वैद्याने मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्णेवर उपचार केला. ती स्त्री त्यानंतर सुमारे २८ वर्षे जगली. १९१४ साली केंडॉल यांनी ग्रंथीतील क्रियाशील द्रव्य, म्हणजे थायरॉक्सीन, स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी त्याचे संश्लेषण साधले. औषध शुद्ध झाले, तरी मात्रेची पारख दीर्घकाळ नाडीचा वेग, त्वचेचा कोरडेपणा, वजन आणि मूलभूत चयापचयाचा दर यांवरूनच होत असे. १९६५ च्या सुमारास पोष ग्रंथीतून स्रवणाऱ्या टीएसएच या हॉर्मोनचे किरणोत्सर्गी पद्धतीने मापन शक्य झाले आणि १९८० नंतरच्या दशकात अधिक सूक्ष्म चाचण्या आल्या. तेव्हा असे दिसून आले की, पूर्वी सर्रास दिली जाणारी २०० ते ४०० मायक्रोग्रॅमची दैनिक मात्रा अनेकांना अधिक होत होती. आज प्रौढांसाठी पूर्ण मात्रा दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम धरली जाते. मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने अवटू विकारांच्या निदानात व उपचारात किरणोत्सर्गी द्रव्यांचा उपयोग आपल्याकडे रुजविला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सहा आठवडे कशासाठी?

थायरॉक्सीनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचे असते. मात्रा बदलली की नव्या व जुन्या पातळीतील अंतराचा निम्मा भाग पहिल्या आठवड्यात भरून निघतो, उरलेल्याचा निम्मा दुसऱ्या आठवड्यात, आणि असेच पुढे. म्हणजे पहिल्या आठवड्याअखेर ५० टक्के, दुसऱ्याअखेर ७५, तिसऱ्याअखेर ८७.५, चौथ्याअखेर सुमारे ९४ आणि सहाव्याअखेर ९८ टक्क्यांहून अधिक बदल पूर्ण होतो. ग्रंथी मंद असलेल्या रुग्णांत हे अर्धायुष्य ९ ते १० दिवसांपर्यंत लांबते. त्यांना याहूनही अधिक काळ लागतो.

केवळ या हिशेबाने तिसऱ्या आठवड्यातील तपासणीही पुरेशी वाटेल. तथापि निर्णय सामान्यतः टीएसएचवरून घेतला जातो, आणि ते थायरॉक्सीनच्या मागाहून चालते. रक्तातील पातळी सुधारल्यानंतरच पोष ग्रंथी आपला स्राव हळूहळू आवरता घेते. शिवाय या दोहोंचे नाते सरळ प्रमाणाचे नसून घातांकी स्वरूपाचे आहे: मुक्त थायरॉक्सीन दुपटीने बदलल्यास टीएसएचमध्ये सुमारे शंभरपट फरक पडू शकतो. त्यामुळे पातळी अजून सरकत असताना घेतलेला आकडा फार फसवा ठरतो. मात्रा बदलल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करावी, हा दंडक या दोन कारणांवर उभा आहे.

समजा, डोंबिवलीतील ६० किलोग्रॅम वजनाच्या एका शिक्षिकेची मात्रा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केली. थकवा जाईना म्हणून तिने तिसऱ्या आठवड्यात रक्त तपासले. टीएसएच उतरले होते, परंतु मर्यादेच्या आत आले नव्हते. तेवढ्यावरून मात्रा १०० केली गेली. वस्तुतः ७५ ही मात्रा कदाचित पुरेशी ठरली असती. तिचा परिणाम पूर्ण होण्याआधीच दुसरा बदल तिच्यावर चढला. पुढील तपासणीत टीएसएच प्रमाणाबाहेर खाली गेलेले दिसेल, मात्रा घटविली जाईल, आणि काही महिन्यांनी पुन्हा वाढवावी लागेल. हे हेलकावे रोगाचे नसून उपचाराच्या घाईचे असतात. ते निरुपद्रवीही नाहीत. अधिक मात्रा दीर्घकाळ राहिल्यास वयस्क रुग्णांत हृदयाची लय अनियमित होण्याचा आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत अस्थी क्षीण होण्याचा धोका वाढतो. रुग्णाला बरे वाटणेही बहुधा आकड्याच्या मागून येते, हे तिला आरंभीच समजावून सांगितले तर बरीच घाई टळते.

गोळीची वेळ हाही मात्रेचाच भाग

मात्रा बदलण्यापूर्वी गोळी कशी घेतली जाते याची चौकशी होणे अगत्याचे आहे. ही गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी, असा प्रघात आहे. कल्याण-डोंबिवलीहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या नोकरदारांच्या घरी मात्र उठणे, चहा, डबा भरणे आणि स्थानक गाठणे हे सर्व एका तासात उरकावे लागते. गोळी चहाबरोबरच पोटात जाते. कोणी तीच गोळी कॅल्शियम वा लोहाच्या गोळीसह घेतो. या दोन्ही द्रव्यांमुळे थायरॉक्सीनचे शोषण घटते, म्हणून त्यांच्यात ४ तासांचे अंतर ठेवावे लागते. अशा वेळी टीएसएच वाढलेले दिसले, तर त्याचे कारण लिहून दिलेल्या मात्रेत नसून शोषल्या गेलेल्या मात्रेत असते.

ज्यांना सकाळची वेळ जमत नाही, त्यांना रात्रीचे जेवण होऊन सुमारे ३ तास झाल्यावर गोळी घेणे सोयीचे ठरते. नेदरलँड्समध्ये केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निजतेवेळी गोळी घेणाऱ्यांची टीएसएच पातळी सकाळी घेणाऱ्यांपेक्षा खाली आली. मात्र वेळ वा सवय बदलणे म्हणजे एक प्रकारे मात्राच बदलणे होय. त्यानंतरही सहा आठवडे थांबल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावता येत नाही. एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. जे दीर्घ अर्धायुष्य परिणामाला विलंब लावते, तेच अशा विस्मरणापासून संरक्षणही देते.

जेथे थांबणे चुकीचे ठरते

या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. जन्मतः ग्रंथी मंद असलेल्या अर्भकाच्या मेंदूची वाढ वेळेवर मिळणाऱ्या थायरॉक्सीनवर अवलंबून असते. तेथे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावा लागतो आणि आरंभीच्या तपासण्या एक-दोन आठवड्यांच्या अंतराने कराव्या लागतात. दुसरा अपवाद गर्भवतीचा. आधीपासून थायरॉक्सीन घेणाऱ्या स्त्रीची गरज गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. म्हणून गर्भधारणा निश्चित होताच, अहवालाची वाट न पाहता, मात्रा सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढविण्याची शिफारस केली जाते. आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या घेणे, हा त्याचा सोपा मार्ग होय. त्यानंतर गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत दर ४ आठवड्यांनी तपासणी होते. प्रसूतीनंतर मात्रा लगेच पूर्ववत केली जाते आणि सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिली जाते. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आहे. ठाण्यात उपचार घेणारी स्त्री अशा वेळी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. मात्रा केव्हा व किती वाढविली याची लेखी नोंद सोबत नसेल, तर वाढलेली मात्रा प्रसूतीनंतरही तशीच चालू राहण्याचा संभव असतो.

याउलट, वृद्ध आणि हृदयविकारी रुग्णांत आरंभ १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने करून प्रत्येक पायरी अधिक सावकाश चढावी लागते. पोष ग्रंथीच्याच विकारामुळे मंदता आली असेल, तर टीएसएचचा आकडा निरुपयोगी ठरतो; तेथे मुक्त थायरॉक्सीनवर विसंबावे लागते, आणि त्यासाठी रक्त त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी द्यावे लागते. कारण गोळीनंतर काही तास ती पातळी तात्पुरती वाढलेली असते.

सारांश, टीएसएचचा आकडा एकटा पुरेसा नाही. तो मात्रा बदलल्यानंतर कितव्या दिवशीचा आहे, मधल्या काळात गोळी कशी घेतली गेली, आणि रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे, या तीन नोंदी शेजारी असल्या तरच त्याला अर्थ येतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या नगरांत, जेथे कामाच्या वेळा, आहार आणि उपचाराचे ठिकाण सतत बदलत असते, तेथे या तीन नोंदींचा पद्धतशीर अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्याजोगा आहे. त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. प्रत्येक अहवालावर मात्रा बदलल्याची तारीख लिहिण्याची शिस्त तेवढी लागते.