पुनरुत्थानाचा अर्थ

सेवाग्रामच्या बापूकुटीत सजावट म्हणावी अशी वस्तू जवळजवळ नव्हतीच. १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर येथे आठवडाभर राहिले, तेव्हा त्यांना मातीच्या भिंतीवर एकच चित्र दिसले, आणि ते येशू ख्रिस्ताचे होते. ही हकीकत सांगितली की श्रोते मान डोलावतात. येशू दयाळू होता, त्याने क्षमा शिकविली, इथपर्यंत कोणाची तक्रार नसते. पण वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, असे ख्रिस्ती माणसे दर ईस्टरला म्हणतात, हा विषय निघाला की चुळबूळ सुरू होते. आम्ही ख्रिस्ती नाही. आमचे शिकणेही युनियनच्या कचेरीत, मिळेल ते पुस्तक वाचून झालेले. तरी त्या चुळबुळीपाशी थांबावे असे आम्हांस वाटते, कारण ख्रिस्ती श्रद्धेचा कणा तेथेच आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. आत्मा अमर आणि देह हे टाकून देण्याचे वस्त्र, हा विचार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. ख्रिस्ती श्रद्धा येथे वेगळे बोलते. तिच्या मूळ ग्रीक ग्रंथांतील ‘आनास्तासिस’ या शब्दाचा साधा अर्थ उठून उभे राहणे. उठतो तो माणूस, देहासकट. मात्र मढे चालू लागावे आणि काही वर्षांनी पुन्हा मरावे, असेही ते नव्हे. प्रेषित पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास, म्हणजे चारही शुभवर्तमाने लिहिली जाण्यापूर्वी, करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. त्यात त्याने दाणा आणि रोप यांचा दाखला दिला आहे. पेरले ते आणि उगवले ते एकच, आणि तरी एक नव्हे. शेतकऱ्यांच्या मुलखात हे फोड करून सांगायला नको. येशू हे त्या पिकाचे पहिले फळ, बाकीचे शेत मागून यायचे आहे, असेही पौल म्हणतो. त्यामुळे ही एकट्याच्या सुटकेची गोष्ट राहत नाही.

शुभवर्तमानांतील हकिकती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. कबरीपाशी किती स्त्रिया गेल्या, त्यांना कोण भेटले, यांत फरक आहे. पण पहाटे प्रथम गेल्या त्या स्त्रियाच, आणि त्यांत मग्दालीया मरीया होती, यावर चौघांचेही एकमत. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. लेबर कोर्टात पढविलेले साक्षीदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ते असे बोलत नाहीत, आणि असे साक्षीदार कोणी मुद्दाम निवडीतही नाही. यावरून घटना सिद्ध झाली असे आमचे म्हणणे नाही. सांगणारे स्वतःच चकित झाले होते, एवढे मात्र दिसते.

आता मुख्य मुद्दा. वधस्तंभ ही रोमन राज्यातली गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. येशू आजारी पडून वारला नाही, त्याला सरकारने निकाल देऊन मारले. म्हणून त्याचे उठणे म्हणजे तो निकाल वरच्या कोर्टात फिरणे होय. आमच्या ओळखीचा एक कामगार खोट्या आरोपावरून बडतर्फ झाला. अकरा वर्षांनी मागील पगारासह कामावर घेण्याचा हुकूम निघाला. तो फाटकातून आत आला तेव्हा केस पिकले होते, आणि मधल्या काळात हमाली करून पाठ वाकली होती. हुकमाने पाठ सरळ झाली नाही. पण ती वाकलेली पाठच ताठ मानेने आत आली. थोमाला दाखविलेल्या जखमा आम्हांस अशाच वाटतात. उठलेल्या येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पुसलेले नाहीत. आणि योहानाच्या शुभवर्तमानात तो किनाऱ्यावर विस्तव पेटवून, रात्रभर राबलेल्या कोळ्यांना भाकर आणि मासळी देतो!

येथे बापूंशी आमचा थोडा मतभेद होतो. १९३१ च्या नाताळात, विलायतेहून परतताना बोटीवर ते म्हणाले होते की, येशू नावाचा माणूस झालाच नाही असे ठरले तरी डोंगरावरील प्रवचन आपल्याला खरेच राहील. पौल नेमके उलट सांगतो : तो उठला नसेल तर आमचे सारे सांगणे फोल. बापूंचे म्हणणे उदार आहे. पण ज्याच्यावर अन्याय होऊन गेला, त्याला चांगली शिकवण पुरत नाही. आपले काय होणार, हे त्याला हवे असते. या प्रश्नात आमचा कल पौलाकडे आहे.

ही श्रद्धा देहाला मान देते, मग तिला भाकरीचाही विचार करावा लागतो. वर्ध्याच्या मगनवाडीत ख्रिस्ती असलेल्या जे. सी. कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ यांत आयुष्य घातले. येशूच्या आचारावर आणि शिकवणीवर त्यांनी तुरुंगात पुस्तक लिहिले. ते वारले १९६० साली, बापूंच्याच तारखेला, ३० जानेवारीस.

आश्रमात परचुरे कुटी आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले बापूंचे सोबती. कुष्ठरोगाने त्यांना घराबाहेर काढले, आणि ते सेवाग्रामला आले. बापूंनी त्यांना कुटी दिली, आणि ते स्वतः त्यांचे व्रण धूत, अंगाला मालीश करीत. या सेवेवर ख्रिस्ती शिक्का मारण्याचा आमचा हेतू नाही. पण टाकून दिलेला देह पुन्हा माणसांत आणून बसविणे म्हणजे काय, हे पाहायचे तर ती जागा येथे आहे.

ईस्टरच्या सुमारास, उन्हे तापू लागली की आम्ही तेथे जातो. गेल्या खेपेला तो कामगार बरोबर होता. त्याने दारातून वाकून आत पाहिले आणि विचारले, “स्वतः बापू मालीश करायचे?” आम्ही होय म्हणालो. मग तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला.