मांडवीचं पाणी निवळलं, पण गाळाचं काय?

मांडवी आणि झुवारीतून वर्षानुवर्षं खनिजाच्या बार्ज चालल्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे वादही झाले. पण पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे नदी स्वच्छ झाली, असं नसतं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर रक्कम बुडाली नाही, दुसऱ्या खात्यात गेली. ते खातं म्हणजे तळाचा गाळ.

शिसं, जस्त, तांबं असे जड धातू पाण्यात फार काळ मोकळे राहत नाहीत. चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, विरघळलेल्या धातूंवर बहुधा धन. ते कणांना चिकटतात. लोह-मँगनीजच्या गंजासारख्या थरातही अडकतात. म्हणजे खनिजाच्या मातीने घाण आणली आणि ती धरणारा सापळाही! खारफुटीखालच्या काळ्या चिखलात तर प्राणवायूच नसतो. तिथे कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, त्याच सल्फाइडशी जुळून धातू विरघळेनासे होतात.

हे कुलूप मात्र कायमचं नाही. ड्रेजिंगमध्ये काळा चिखल ढवळला, त्याला हवा लागली, की सल्फाइड मोडतं आणि धातू परत पाण्यात येऊ शकतात. कॅडमियमसारखे काही धातू खारेपणा वाढला तरी सुटतात. म्हणून नुसत्या पाण्याच्या रिपोर्टवर भागत नाही, गाळाचाही नमुना लागतो. तिसऱ्या याच चिखलात वाढतात, पाणी गाळून खातात आणि तिथून आपल्या ताटात येतात. खाजनाच्या बांधाला उपसलेला चिखल लावायचा असेल, तर तोही आधी तपासून घ्यावा.