तुकोबांच्या पुलावरून
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेव्हरंड ना. वा. टिळक म्हटले की फुलामुलांच्या कविता आठवतात. मला त्यांच्यातल्या पाळकाविषयी बोलायचे आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. त्या घरातली ओढाताण ‘स्मृतिचित्रे’त वाचावी.

धर्मांतराची गोष्ट आपण इथेच संपवतो. टिळकांचा खरा प्रवास मात्र इथून पुढचा. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी तो पूल मोडला नाही, हे मला मोठे वाटते. ख्रिस्तासाठी त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनाची वाट धरली. मी मुसलमान, मराठीत लिहिणारा. टिळकांच्या नगर जिल्ह्यातच श्रीगोंद्याला शेख महंमदांची समाधी आहे. त्यांनीही मराठी ओवीतच परमेश्वर शोधला. त्यामुळे टिळकांचे अभंग मला परके वाटत नाहीत.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. श्रद्धेपायी घरदार सोडणारे पुष्कळ. त्याच श्रद्धेने दिलेली भाकरी उतारवयात सोडणे अवघड! साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. पण हाती वेळ थोडा होता. १९१९ मध्ये ते गेले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.