क्रियापद कुठे बसतं?

‘इंग्रजीनं मराठी बिघडवली,’ असं कुणी म्हणालं, की मी त्याला आमच्या रेवदंड्याहून कुंडलिका नदीपलीकडे कोर्लईला न्यायला तयार असतो. 1986 साली पूल झाला. त्याआधी होडीशिवाय सोय नव्हती. ती गैरसोय त्या गावच्या बोलीच्या पथ्यावर पडली.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज शेजारच्या चौलला आले. त्यांचे शिपाई आणि इथली ख्रिस्ती झालेली कुटुंबं यांच्या रोजच्या व्यवहारातून एक मिश्र बोली तयार झाली. 1739 ला वसई पडली, पुढच्या वर्षी चौलही मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत बोली राहिली. आजही हजाराच्या आसपास माणसं ती घरात बोलतात. नाव साधंच: ‘नोव लिंग’, आपली भाषा.

तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण पोर्तुगीज माणूस इंग्रजांप्रमाणे ‘मी खातो भात’ या क्रमानं बोलतो. कोर्लईत मराठीच्या शेजारानं क्रियापद हळूहळू वाक्याच्या शेवटाकडे सरकलं. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाचं 1996 चं पुस्तक याच बोलीवर आहे. त्यातलं मला सर्वात आवडलेलं निरीक्षण असं, की मराठीतून आलेल्या क्रियापदांसाठी या बोलीनं ‘ऊ’कारान्त असा वेगळा गटच उघडला.

इंग्रजीचा प्रवास उलटा. जुन्या इंग्रजीत क्रियापद पुष्कळदा शेवटी जाई, नामांना विभक्तिप्रत्यय असत. ते झिजले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे जागेवरून ठरू लागलं. आपण ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा की ‘माणसाला कुत्रा चावला’, तो ‘ला’ सगळं सांभाळतो. इंग्रजीत नुसती जागा बदलली तर माणूसच कुत्र्याला चावतो! 1066 नंतर नॉर्मनांमुळे फ्रेंच शब्द हजारोंनी आत आले. त्यांतल्या क्रियापदांना इंग्रजीनं आपलाच भूतकाळाचा प्रत्यय लावला.

मराठी तरी वेगळं काय करते? पाव, बटाटा, पगार, चावी ही पोर्तुगिजांची देणगी आता कुणाला खटकत नाही. ‘फाइल डिलीट केली’ यात दोन शब्द परके. पण फाइलला स्त्रीलिंग आपण दिलं, ‘केली’ त्याच हिशेबानं आली, आणि बसली शेवटीच. तक्रार करणाऱ्यांना मी हेच वाक्य सोडवायला देतो. ते चिडतात, आणि चिडून ‘टाइमपास करू नका’ म्हणतात.