धर्मग्रंथ, तिसरे शील आणि समलिंगी माणूस

गेल्या वर्षी आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या आदल्या रविवारी वंदना आटोपल्यावर एक माता नोंदणीच्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. मुलाचा भरून दिलेला फॉर्म त्यांना परत हवा होता. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, निर्व्यसनी. कारण विचारले तर बोलेनात. सर्व मंडळी पांगल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तो म्हणतो मला मुलगी नको. कधीच नको. पुढचं तुम्हीच समजून घ्या." मी समजलो. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. त्यांच्या दिरांनी घरात निक्षून सांगितले होते की हे धम्माच्या विरुद्ध आहे, अशा मुलाने विहाराची पायरी चढू नये, यात तिसरे शील मोडते. "खरंच मोडतं का हो भाऊ?"

त्या वेळी मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. "बघतो, वाचतो, मग सांगतो" असे म्हणून फॉर्म त्यांच्या हाती दिला. पुढे जे वाचले आणि जे उमगले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहे. विषय अवघड आहे, कित्येकांना तो या पानांवर नकोसा वाटेल. परंतु ज्या समाजाने 'असल्या गोष्टी बोलू नयेत' हे वाक्य शतकानुशतके स्वतःच्या बाबतीत ऐकले, त्याने तरी ते दुसऱ्याला ऐकवू नये, असे मला वाटते.

समलिंगी माणसांविरुद्ध धर्माच्या नावाने जे सांगितले जाते त्याचा सर्वांत मोठा साठा बायबलमध्ये आहे. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात पुरुषाने पुरुषाशी स्त्रीप्रमाणे शय्या करणे हे अमंगळ कृत्य ठरविले असून त्याला देहदंड सांगितला आहे. पण त्याच पुस्तकात खवले आणि पर नसलेला जलचर खाणे निषिद्ध आहे, म्हणजे कोलंबी आणि खेकडे वर्ज्य. दोन जातींच्या धाग्यांचे वस्त्र अंगावर घालू नये आणि दाढीच्या कडा कापू नयेत, असेही तेथेच आहे. शिवाय आसपासच्या राष्ट्रांतून दास-दासी विकत घ्यावेत व ते मुलाबाळांना वारशाने द्यावेत, अशी मुभाही आहे. आज कोलंबी खाणाऱ्याला कोणी पापी म्हणत नाही. मग एवढी एकच आज्ञा तेवढी जिवंत का राहिली? ज्याला ज्याचा तिटकारा आधीच असतो, तो ग्रंथातून नेमके तेवढेच उचलतो, एवढाच याचा अर्थ.

सदोम नगराची कथाही अशीच. देवाने हे नगर अग्नी व गंधकाचा वर्षाव करून नष्ट केले ते पुरुषांच्या पुरुषांशी संबंधांमुळे, असे सर्रास सांगितले जाते. त्याच बायबलात यहेज्केल नावाचा संदेष्टा मात्र सदोमचा अपराध वेगळाच सांगतो : गर्व, अन्नाची रेलचेल, आणि असे असून दीनदुबळ्यांना हात न देणे. हा उतारा प्रवचनात फारसा ऐकू येत नाही. नव्या करारात पौलाच्या रोमकरांस पत्रातही या संबंधांची निंदा आहे, हे खरे. पण त्याच नव्या करारातील पत्रांमध्ये दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असेही आहे, आणि अमेरिकेतील गोरे मळेवाले ते निग्रो गुलामांना वाचून दाखवीत. नोहाने आपल्या नातवाला दिलेल्या शापाची गोष्ट काढून, काळ्या माणसाची गुलामी ईश्वरी आहे, असेही धर्मोपदेशक सांगत. ही युक्ती आपल्याला नवी वाटू नये. पायापासून जन्मल्याची गोष्ट आपल्याकडेही सांगितली गेलीच.

भारतात ही शिकवण प्रवचनातून नव्हे तर कायद्यातून आली. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३३ साली असा कायदा झाला आणि आतापर्यंत चर्चच्या न्यायालयात चालणारे पाप राजाच्या न्यायालयात देहान्ताचा गुन्हा बनले. मेकॉले यांच्या मसुद्यावरून तयार झालेली भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, तेव्हा तिच्या ३७७ व्या कलमात 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली गेली. गंमत अशी की इंग्लंडने स्वतःचा कायदा १९६७ साली सैल केला. आपण मात्र तो आपली प्राचीन संस्कृती म्हणून छातीशी धरून बसलो.

मग प्राचीन संस्कृतीत काय होते? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन झाले त्या मनुस्मृतीतच पाहू. तिच्या अकराव्या अध्यायात द्विजाने पुरुषाशी मैथुन केल्यास, अथवा स्त्रीशी बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा केल्यास, अंगावरील वस्त्रांसह स्नान करावे, एवढे प्रायश्चित्त आहे. त्याच अध्यायात पुरुषाशी मैथुन हे जातिभ्रंश करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातले आहे, तेही सांगितले पाहिजे. आठव्या अध्यायात मात्र सूर बदलतो. कुमारिकेने कुमारिकेला दूषित केल्यास दोनशे पणांचा दंड, दुप्पट शुल्क आणि दहा फटके. प्रौढ स्त्रीने कुमारिकेला दूषित केल्यास तिचे मुंडन किंवा दोन बोटे छाटून गाढवावरून धिंड! पुरुषाला आंघोळ आणि बाईची बोटे छाटायची. येथे निसर्गाचा काय संबंध? कुमारिकेचे कौमार्य ही बापाची मालमत्ता, तिची किंमत उतरली म्हणून हा दंड. 'निसर्ग' हा शब्द पुढे करून मालकी आणि शुद्धाशुद्ध सांभाळण्याची ही रीत आपण चांगली ओळखतो.

आता आपल्या घरात येऊ. दुसऱ्यांच्या ग्रंथांची झडती घ्यायची आणि आपले ग्रंथ रेशमी वस्त्रात गुंडाळून ठेवायचे, हे बुद्धाच्या अनुयायाला शोभत नाही.

तिसरे शील आहे ते काममिथ्याचारापासून विरत राहण्याचे. मिथ्याचार म्हणजे कोणता, याचा खुलासा मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात मिळतो. आई, बाप, भाऊ, बहीण किंवा नातलग जिचे रक्षण करतात ती, धम्माचे रक्षण असलेली, पती असलेली, जिच्याशी संबंध केल्यास दंड ठरलेला आहे ती, आणि वाङ्‌निश्चयाची माळ पडलेलीदेखील. अशा स्त्रीशी संबंध ठेवणे म्हणजे मिथ्याचार. सारा रोख विश्वासघातावर आणि दुसऱ्याला होणाऱ्या इजेवर आहे. पुरुषाचे पुरुषाशी किंवा स्त्रीचे स्त्रीशी असलेले प्रेम या यादीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा घातली, तिचाही रोख हाच. समलिंगी माणूस आपल्या जोडीदाराला फसवील तर शील मोडेल. आणि बायको असलेला गृहस्थ बाहेर तोंड मारील तर त्याचेही तितकेच मोडेल.

विनयपिटकात मात्र कडक भाषा आहे. भिक्षूने मैथुन केले तर तो पाराजिक ठरतो, संघातून जातो. पण तो स्त्रीशी असो वा पुरुषाशी, आपत्ती एकच आहे. पुरुषाशी म्हणून ती वाढत नाही. नियम ब्रह्मचर्याचा आहे.

एक गोष्ट लपवता येणार नाही. महावग्गात 'पंडक' म्हटलेल्या व्यक्तीला उपसंपदा देऊ नये असा नियम आहे. एका पंडक भिक्षूने तरुण भिक्षूंकडे, मग सामणेरांकडे, मग माहूत-मोतद्दारांकडे जाऊन संभोगाची मागणी केली, लोकांत संघाची छी-थू झाली, तेव्हा हा नियम आला. पंडक शब्दाचा अर्थ आजच्या समलिंगी शब्दाशी तंतोतंत जुळत नाही. अट्ठकथेत त्याचे पाच प्रकार दिले आहेत. पण तेवढ्यावर सुटका करून घेऊ नये, कारण वगळले गेलेले माणूस हे वगळलेलेच असते. मात्र त्याच महावग्गात दास, कर्जदार, राजाच्या नोकरीतील सैनिक आणि काही रोगांनी पीडित माणसे यांनाही प्रव्रज्या नाकारली आहे. दासाला संघात घेतला नाही म्हणून दास नीच ठरतो काय? कर्जदाराने विहारात येऊ नये काय? हे नियम संघाच्या लौकिक अडचणींतून आले. उपासकाच्या घरात कोण चांगला नि कोण वाईट हे ठरविण्याची ती मोजपट्टी नव्हे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य श्रेष्ठीपुत्राची कथा आहे. आपल्याकडे ती क्वचितच सांगितली जाते. मित्रासोबत स्नानाला निघालेल्या सोरेय्याने नगराबाहेर चीवर नेसत असलेले महाकच्चायन थेर पाहिले आणि त्याच्या मनात आले की हे थेर माझी पत्नी असते तर! तत्क्षणी तो स्त्री झाला. लाजून तो तक्षशिलेला गेला, तेथे एका श्रेष्ठीपुत्राशी तिचा विवाह झाला, दोन मुले झाली. आधीची दोन मुले सोरेय्यला होतीच. पुढे जुना मित्र भेटला, त्याने थेरांकडे नेऊन क्षमा मागविली, थेरांनी क्षमा केली आणि सोरेय्य पुन्हा पुरुष झाला. प्रव्रजित होऊन अर्हत झाला. कोणत्या मुलांवर अधिक माया, असे लोक विचारीत, तेव्हा तो सुरुवातीला म्हणे की आई होऊन ज्यांना जन्म दिला त्यांच्यावर. ही चमत्कारकथा आहे, ती इतिहास म्हणून घ्यायची नाही, आणि स्त्री होणे हा तिच्यात दोषाचा परिणाम मानला आहे, हेही नजरेआड करू नये. तरी पाहा : मनात पुरुषाची अभिलाषा आलेला माणूस शेवटी अर्हतपदाला पोहोचतो. वाटेत कोणी त्याला विहारातून हाकलत नाही.

उत्तरकालीन ग्रंथांत बंधने वाढली. दलाई लामांनी १९९७ साली सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी प्रतिनिधींशी बोलताना तिबेटी परंपरेच्या आधारे असे संबंध मिथ्याचारात बसतात, असे सांगितले; पण त्याच ग्रंथांत नवरा-बायकोलाही अंग, वेळ आणि जागा यांची बंधने आहेत हेही ते बोलले. २०१४ साली एका दूरदर्शन मुलाखतीत, दोघांची राजीखुशी असेल तर हरकत नाही, असा त्यांचा सूर होता. तैवानमध्ये ऑगस्ट २०१२ मध्ये भिक्षुणी चाओ-ह्वेई यांनी दोन तरुणींचा विवाह बौद्ध पद्धतीने लावला. तेथे कायदा २०१९ मध्ये आला, बौद्धबहुल थायलंडमध्ये तो २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

बाबासाहेबांचा या विषयाशी थेट संबंध आला तो १९३४ साली. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांची वकिली बाबासाहेबांनी केली आणि हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार दिला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. सनातनी पुण्या-मुंबईत कर्व्यांच्या बाजूने उभे राहायला माणसे मिळत नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे.

पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब संविधानिक नीतिमत्तेविषयी बोलले : ती उपजत नसते, ती जोपासावी लागते. हे भाषण समलिंगी माणसांसाठी नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात ३७७ कलमाचा धाक प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांवरून काढला, तो याच विचाराचा आधार घेऊन. नीतिमत्ता बहुमताची नव्हे, संविधानाची पाहायची, असे ते म्हणणे होते. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण धावले? एक ज्योतिषी, ख्रिस्ती चर्चच्या संघटना, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि 'क्रांतिकारी मनुवादी मोर्चा' हे नाव घेतलेला एक पक्षसुद्धा! एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सारे एका रांगेत. ११ डिसेंबर २०१३ ला तो निकाल फिरला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो पुन्हा सरळ केला. त्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी इतिहास या माणसांची क्षमा मागणे लागतो, अशा आशयाचे लिहिले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही.

'निसर्गविरुद्ध' या शब्दाविषयी थोडे. मेंढ्यांच्या कळपात काही नर मादी असतानाही नराचीच निवड करतात, हे प्राणिशास्त्रज्ञांनी पाहिले आहे. त्यावरून काही सिद्ध करावे असे मी म्हणत नाही. एडका आपला गुरू नव्हे. पण मग निसर्गाचे नाव कशाला घ्यायचे? हा रोग आहे असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच तो रोगांच्या यादीतून काढला आहे.

राहिला वंशाचा प्रश्न. पुत्राशिवाय गती नाही, पुत्र बापाला नरकातून तारतो, ही कल्पना ज्यांची आहे त्यांना लग्न चुकविणारा मुलगा पापी वाटेल. परंतु तथागताने स्वतः गृहत्याग केला, राहुलला संघात घेतले, आणि आपण चीवरधारी निपुत्रिकापुढे त्रिवार वाकतो. आपण कोणत्या तोंडाने वंशवृद्धीला धर्म म्हणणार? राहुललाच तथागताने कर्माची कसोटी सांगितली होती : आरशात पाहावे तसे कृत्याकडे पाहावे, त्याने स्वतःला, दुसऱ्याला की दोघांना पीडा होते?

ही कसोटी लावली तर एक कृत्य निश्चित नापास होते. घरच्यांच्या दडपणाखाली अशा मुलाचे लग्न लावून देणे. त्यात एक अनोळखी मुलगी फसते. ती वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहते, माहेरी सांगू शकत नाही. आपल्या मेळाव्यात जुळलेल्या लग्नांपैकी किमान एका घरात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या नोंदणीवर सही माझी होती.

पावसाळा सरल्यावर त्या माता पुन्हा विहारात आल्या. वर लिहिले त्यातले जमेल तेवढे सांगितले. सालेय्यक सुत्ताची यादी त्यांनी दोनदा ऐकली, एकेक नाव बोटावर मोजत. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या काकाला मी हे सांगू शकते." दिरांनी अजून ऐकलेले नाही. मुलगा मात्र धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आईबरोबर आला होता, आणि खिरीच्या पातेल्यामागे वाढायला उभा होता.