मला त्याचा एक पैसाही नको!

२०२३च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शाळेतून घरी आले, चहाचं आधण ठेवलं आणि मोबाइलवर कोर्टाकडून आलेली ईमेल दिसली. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता. वर्षभर आम्ही वेगळेच राहत होतो, त्यामुळे आकाश कोसळलं वगैरे काही नाही. चहा मात्र उतू गेला.

पुण्याला आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मुलांचं बघ. त्याचे पैसे त्याला लखलाभ." मीही म्हणाले, "मला त्याचा एक पैसाही नको." पुढचे पाच-सहा महिने हे वाक्य मी बहिणीला, मैत्रिणींना, मुलांनासुद्धा ऐकवत होते. ते म्हटलं की बरं वाटायचं.

दिवाळी अंकात घटस्फोटावर लिहायचं म्हणजे थोडं अवघडच. पण गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातल्याच तिघींनी मला कार्यक्रमात बाजूला घेऊन, आवाज खाली करून, तेच ते प्रश्न विचारले. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी वकील नाही. जे माझ्या वाट्याला आलं आणि त्यातून जे शिकले, तेवढंच सांगते.

आमचं लग्न २००१ साली पुण्यात झालं. मी शाळेत गणित शिकवायचे. २००३ साली त्याच्या नोकरीमुळे आम्ही रेडिंगला आलो, पाठोपाठ दोन मुलं झाली आणि माझी नोकरी राहूनच गेली. मुलं मोठी झाल्यावर जवळच्या शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून लागले. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, मॉर्गेज त्याच्या पगारातून. त्यामुळे घर त्याचंच, असं मीही धरून चालले होते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून घटस्फोटासाठी कोणाचा दोष दाखवावा लागत नाही. अर्जापासून २० आठवड्यांनी कंडिशनल ऑर्डर मागता येते, त्यानंतर सहा आठवडे आणि एक दिवस थांबून फायनल ऑर्डर. ती हातात आली की सुटलो, असा माझा समज होता.

तो समज मंडळाच्या सत्यनारायणाच्या दिवशी, हॉलच्या किचनमध्ये, प्रसादाचा शिरा द्रोणांत भरताना मोडला. आमच्यातल्या एक ताई, आता निवृत्त आहेत, यातून स्वतः कधीच्या गेलेल्या, त्यांनी विचारलं, "पैशांची ऑर्डर झाली का?" मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, "नको तर नको. पण ते कोर्टाच्या कागदावर येऊ दे. आणि काय नको म्हणतेस, ते आधी बघ तरी."

त्या रात्री मी वाचायला बसले. पहिली गोष्ट कळली ती ही, की इथे लग्न मोडणं आणि पैशांचे संबंध संपणं ही दोन वेगळी कामं आहेत. फायनल ऑर्डरने लग्न संपतं. एकमेकांवरचे आर्थिक हक्क मात्र कोर्टाची फायनान्शियल ऑर्डर होईपर्यंत उघडेच राहतात. डेल विन्स या उद्योजकाचा खटला प्रसिद्ध आहे. घटस्फोट १९९२ साली झाला, तेव्हा दोघांकडेही काही नव्हतं. पुढे त्याने पवनऊर्जेत भरपूर पैसा मिळवला आणि २०११ साली त्याच्या पहिल्या पत्नीने दावा केला. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने तो चालवायला परवानगी दिली. म्हणजे 'नको' म्हणणाऱ्यालाही ते लिहून घ्यावंच लागतं. दोघांचं एकमत असेल तर कन्सेंट ऑर्डरचा मसुदा कोर्टाकडे पाठवायचा. न्यायाधीशांना तो रास्त वाटला, तर बहुतेक वेळा कोर्टात जावंही लागत नाही.

उलटा सापळाही आहे. आधी अर्ज न करता पुन्हा लग्न केलं, तर घर किंवा एकरकमी पैसे मागण्याचा हक्क जातो. आणि स्कॉटलंडमध्ये हे सगळं घटस्फोट मंजूर होण्याआधीच मागावं लागतं. तिकडच्या मंडळींनी इंग्लंडच्या नियमांवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. १९७३च्या कायद्याचं २५वं कलम सांगतं की कोर्टाने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हिताचा विचार सर्वांत आधी करावा. मग दोघांचं उत्पन्न, गरजा, वय, लग्नाची वर्षं बघावीत, आणि घर-मुलं सांभाळून कोणी किती हातभार लावला तेही बघावं. कागदावर नाव कोणाचं, एवढ्यावर काही ठरत नाही. 'व्हाइट' खटल्यात २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केलं की कमावणारा आणि घर सांभाळणारा यांच्यात भेदभाव नको. वीस वर्षांचे माझे डबे, ताप, पालकसभा, सासू-सासऱ्यांच्या इथल्या मुक्कामांतली पथ्यपाणी, हे सगळं कायद्याच्या लेखी हातभार होतं. मी स्वतः ते कधी मोजलं नव्हतं.

आधी मेडिएटरकडे जाऊन माहितीची बैठक करावी लागते. घरात मारहाण वा छळ झाला असेल तर त्यातून सूट मिळते. आम्ही दोघंही मेडिएशनला दोनदा बसलो. घरावर बोलणं जुळत आलं, पण पेन्शनचा विषय निघाला की तो उठायचा. शेवटी सप्टेंबरमध्ये मी फॉर्म ए भरून कोर्टात अर्ज केला. 'अर्जदार' म्हणून स्वतःचं नाव टाइप करताना आपण भांडखोर बाई ठरलो, असं वाटलं. रात्री झोप लागली नाही.

मग आला फॉर्म ई. दोघांनीही तो भरायचा असतो. जवळपास तीस पानं. वर्षभराची बँक स्टेटमेंट, घराची किंमत, कर्ज, गुंतवणूक, पेन्शन, महिन्याचा खर्च, आणि जगाच्या पाठीवर कुठेही असलेली मालमत्ता. पाचशे पौंडांहून जास्त किमतीच्या वस्तूंच्या रकान्यात मी आईच्या पाटल्या लिहिल्या. गणिताच्या बाईला स्वतःच्या संसाराची बेरीज करायला तीन आठवडे लागले.

कोथरूडचा फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर. सासू-सासरे तिथे राहतात. सासूबाईंचा फोन आला, "अगं, तो कशाला दाखवतेस? तिथलं इथे कोण बघायला येणार आहे?" त्यांचा आवाज कापत होता. मी म्हणाले, "आई, लपवता येत नाही. पण तुम्हाला तिथून कोणी हलवणार नाही, हा माझा शब्द." भारतातली मालमत्ता, एफडी, पीपीएफ सगळं सांगावंच लागतं. लपवणाऱ्यांनी 'गोहिल' खटला आठवावा. २००४ साली झालेला समझोता, नवऱ्याने खरी मालमत्ता सांगितली नव्हती म्हणून, २०१५ साली सुप्रीम कोर्टाने मोडू दिला.

त्याचा फॉर्म ई आला तेव्हा पेन्शनचा आकडा दोनदा वाचला. मॉर्गेज वजा जाता घरात आमचं जेवढं उरत होतं, त्याहून तो मोठा होता. मी ज्याला 'एक पैसाही नको' म्हणत होते, ते हे होतं. वकीलबाईंनी आणखी एक सावध केलं: पैशांची ऑर्डर होईपर्यंत फायनल ऑर्डरची घाई नको. मधल्या काळात त्याचं काही बरंवाईट झालं, तर पत्नी म्हणून मिळणारी पेन्शनही जाईल. आम्ही तशी विनंती केली. त्याने ती मान्य केली, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

जानेवारीत पहिली तारीख झाली. जूनमध्ये एफडीआर नावाची तडजोडीची सुनावणी. त्यात न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून साधारण काय निकाल लागेल ते सांगतात, आणि तडजोड झाली नाही तर अंतिम सुनावणी दुसऱ्याच न्यायाधीशांपुढे होते. न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या की एवढ्या वर्षांच्या संसारात पेन्शन बाजूला ठेवता येणार नाही. दुपारी तीनपर्यंत दोन खोल्यांत निरोपांची ये-जा चालली. मग जमलं. घर विकायचं, त्यातला मोठा भाग मला, कारण धाकटी अजून माझ्याकडे. पेन्शनची वाटणी. कोथरूडचा फ्लॅट त्याच्या वाट्याला. आणि यापुढे कोणी कोणाकडे काही मागायचं नाही, म्हणजे क्लीन ब्रेक. इथली ऑर्डर पुण्यात आपोआप लागू होत नाही, म्हणून मी फ्लॅटचं हक्कसोडपत्र वेगळं करून दिलं. सासूबाई तिथेच आहेत. संक्रांतीला त्यांचा फोन येतो.

खर्च? कोर्टाची फी साधारण तीनशे पौंड, उत्पन्न कमी असेल तर सवलत. खरा खर्च वकिलांचा. २०१३ पासून अशा कामांना, छळाची प्रकरणं वगळता, लीगल एड जवळजवळ मिळत नाही, आणि सहसा ज्याचा खर्च त्यानेच सोसायचा. भांडण जितकं लांबतं, तितकी वाटायची रक्कम आटते. म्हणून मी सगळे कागद स्वतः लावले आणि वकीलबाईंना फक्त अडलेलं विचारलं.

त्या तिघींच्या प्रश्नांतले आणखी दोन. घटस्फोट भारतात झाला असेल तरी, इथल्याशी पुरेसा संबंध असल्यास, कोर्टाच्या परवानगीने इथे अर्ज करता येतो. १९८४ च्या कायद्यात तशी सोय आहे. मात्र पुन्हा लग्न केलं की तीही जाते. आणि तरुण मंडळींसाठी: नुसतं एकत्र राहिल्याने, कितीही वर्षं झाली तरी, हे हक्क मिळत नाहीत. लग्न किंवा सिव्हिल पार्टनरशिप लागते. इथल्या हॉलमध्ये अक्षता पडल्या तरी कायदेशीर नोंदणी करायला विसरू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये फायनल ऑर्डर आली. आता दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, मॉर्गेज माझ्या नावावर. आईला सगळं सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे मागितलंसच शेवटी?" म्हटलं, "हो, मागितलं." ती जरा थांबली आणि म्हणाली, "बरं केलंस. मला कोणी सांगितलंच नव्हतं, मागता येतं म्हणून."

लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाची वही पुजतो. यंदा सुखाने नांदणाऱ्या घरांनीही ती दोघांनी मिळून उघडून बघावी: पेन्शनचं पत्र, घराचे कागद, पुण्या-मुंबईतल्या खात्यांचे नंबर. आणि मंडळात कोणी आवाज खाली करून काही विचारलं, तर शिऱ्याचा डाव बाजूला ठेवून जरा ऐकून घ्या.